माझ्या हातचा घट

बैल खच्ची करायच्या दिवशी मालक घरी थांबत नसतो. आमच्या भागातली ही रीत. गडी बैल घेऊन ढोराच्या दवाखान्यात यायचा आणि मालक त्या दिवशी मुद्दाम बाजाराला, नाहीतर सोयऱ्यांच्या गावाला निघून जायचा. चिमटा बसताना समोर जो दिसेल त्याला बैल जन्मभर विसरत नाही, असं म्हणायचे. मालकाला त्याच बैलाकडून दहा-बारा वर्षं काम घ्यायचं असतं, म्हणून मालकानं नजरेत पडायचं नाही. मग माझं काय? मी तर प्रत्येक बैलाच्या समोर. पण माझा विचार करायला कोणी रिकामं नव्हतं.

लोह्याजवळच्या आमच्या गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. तिथं मी परिचर म्हणून बत्तीस वर्षं काढली. माझं शिक्षण चौथी. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरनं हात उगारला, मीही उगारला, आणि माझं शिक्षण पुरं झालं हे दोघांनाही पटलं. डॉक्टरसाहेब तालुक्याहून आठवड्यात दोनदा यायचे. बाकी दिवस दवाखाना म्हणजे मी. अडलेली गाय, खुरातला काटा, मलमपट्टी आणि खच्चीकरण.

खच्चीकरणाचा चिमटा लोखंडी, हातभर लांब, दोन मुठींचा. कातडी कापायची नाही, आतली शीर तेवढी दाबून तोडायची. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. रक्ताचा थेंब नाही. माझ्या हातचा बैल कधी सुजला नाही की अर्धवट राहिला नाही. उदगीरच्या बाजारात बैल विकताना लोक माझं नाव सांगायचे. ही बढाई नाही असं म्हणणार नाही. बढाईच आहे, पण खरी आहे.

बैल खाली पाडायला माझ्यासोबत नालबंद असायचा. नालबंद म्हणजे बैलाच्या खुरांना लोखंडी पत्री मारणारा. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली त्याचं दुकान, म्हणजे एक ऐरण आणि एक गोणपाट. मी त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला पाटील म्हणायचा. पाटीलकी आमच्या घरात कधीच नव्हती, पण त्यानं दिली ती मी घेतली. केवढाही माजलेला गोऱ्हा असू दे, उस्ताद दोरीचे दोन फेरे असे टाकायचा की जनावर आपण होऊन बसल्यासारखं खाली यायचं. पण चिमट्याला त्यानं एकदाही हात लावला नाही.

"पाटील, दोरी माझी, चिमटा तुमचा," म्हणायचा. "मला वर जाऊन जवाब द्यायचा हाय."

"आन मला न्हाई द्यायचा?"

"तुमच्यात लई देव हायत. कोणीतरी तुमच्या बाजूनं बोलंल."

आणि तोंड फिरवून तो लिंबाकडं बघत बसायचा. दोरी मात्र ढिली पडू द्यायचा नाही.

माझी आईही तशीच. चिमट्याच्या दिवशी दारात पाण्याची बादली भरून ठेवायची. अंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाय नाही, आणि अंघोळ केली तरी त्या दिवशी देवाला हात नाही. मी म्हणायचो, पगार तर घेतीस हातात. ती म्हणायची, पगाराला विटाळ नसतो.

आमची कुलदेवी माहूरची. नवरात्रात घरातल्या कर्त्या पुरुषानं घट बसवायचा. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, तिच्यात गहू पेरायचा, मधे पाण्याचं मडकं ठेवायचं. रोज पाणी, रोज माळ, आणि दिवा विझू द्यायचा नाही. दसऱ्याला ते उगवलेले पिवळे तुरे घरातल्या सगळ्यांनी टोपीत, केसात खोचायचे. तुरे कसे उगवले यावर घराचं वर्ष ठरतं. दाट उगवलं तर पेरणाऱ्याच्या हाताला गुण आहे म्हणतात. विरळ उगवलं तर कोणी काही म्हणत नाही, ते जास्त वाईट. बाप गेल्यापासून हा घट माझ्या हातचा. नवरात्रात मी चिमटा धरायचो नाही, रजा टाकायचो. पण हात तोच होता की. त्या हातचा घट एकदाही विरळ उगवला नाही.

बायको गेली त्याला आता सहा वर्षं झाली. ती होती तोपर्यंत माझ्याशी भांडायला घरात कोणीतरी होतं. नंतर मुलगा आणि सून माझ्याशी नीटच वागत आले. मुलगा शाळेत शिक्षक आहे, आवाज चढवत नाही. वेळेवर ताट, वेळेवर चहा. भांडण नाही त्या घरात म्हाताऱ्याला बोलायला विषय उरत नाही.

मग कंबर धरली. आधी वाटलं, जनावरं उचलून उचलून झालं असेल. लघवीलाही अडायला लागलं तेव्हा मुलानं नांदेडला नेलं. मोठा दवाखाना, थंडगार खोली, डॉक्टरच्या टेबलावर त्यांच्या गुरूंचा फोटो आणि फोटोला ताजा हार. तपासण्या झाल्या. चार दिवसांनी डॉक्टर मला म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी म्हणालो, "दुखणं माझ्याजवळ हाय. मी बाहेर बसलो तर तेबी बाहेर येईल. हितंच सांगा."

मग त्यांनी मुलाकडं बघून सांगितलं. मूत्राशयाच्या खाली गाठ आहे, वाईट आहे, कमरेच्या हाडापर्यंत गेली आहे. ती अंगाबाहेर निघणार नाही, पण दाबून ठेवता येते. दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन, जन्मभर. कशाचं इंजेक्शन, मी विचारलं. गाठ वाढू नये म्हणून, म्हणाले. तेवढंच.

इंजेक्शननं गुण आला. कंबर हलकी झाली. पण चार-सहा महिन्यांत अंगात काहीतरी बदलायला लागलं. बसल्या जागी वाफा निघाल्यासारखं गरम व्हायचं. छातीवरची लव गळली. दंड उतरले. आधी मला राग यायचा तो सणकून यायचा, आता यायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत जायचा. एक दिवस अंघोळ करताना मी स्वतःकडं बघितलं आणि तांब्या हातात तसाच राहिला. हे मी बघितलं होतं. शेकड्यानं बघितलं होतं. चिमटा बसल्यावर सहा महिन्यांनी बैलाचं वशिंड उतरतं, मान बारीक होते, नजर निवते. अगदी तसंच.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, ह्या सुईनं वळूचा बैल होतो का?"

मुलगा म्हणाला, "बाबा!"

डॉक्टर आधी हसले, मग दार लावलंय का बघितलं. "म्हणजे... तसंच काहीसं. अंगातला तो रस बंद होतो. त्याच्यावरच गाठ पोसते."

"मग दर तीन महिन्याला कशाला? एकदाच काढून टाका."

"तसं ऑपरेशन असतं. पण मी ते करत नाही."

"येत न्हाई का?"

"येतं हो. पण देवानं दिलेलं अंग असं काढून टाकणं बरं नाही. माणूस मनातून खचतो. आपल्या लोकांत हे चालत नाही, बाबा."

"मागल्या साली आमच्या सुनंची पित्ताची पिशवी तुम्हीच काढली. ती काय माहेराहून आणली होती?"

डॉक्टर हसले नाहीत. मुलानं माझा दंड धरला. इंजेक्शन टोचून घेऊन मी बाहेर आलो.

माणूस ते वाईट नव्हते. त्यांच्या हातून मला गुण आला होता, हे मी नाकारत नाही. पण वाटेत मी हाच विचार करत होतो. सुईनं केलं तर औषध आणि सुरीनं केलं तर पाप, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? काम एकच. सुईचं तीन महिन्यांनी उतरतं, म्हणजे डॉक्टरला रोज संध्याकाळी फोटोपुढं हात जोडून म्हणता येतं की मी काही काढलं नाही. बैलाचा मालक बाजाराला गेला की बैल कोणी खच्ची केला हे त्यालाही ठाऊक नसतं, तसंच हे. आणि मला कोणी विचारलंच नव्हतं. मला काय सोसवेल ते त्यांना माझ्या धोतरावरून कळलं होतं.

मोटरसायकलवर मुलाच्या मागं बसून निघालो. लोह्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तो विषय पुन्हा काढू नका. गावात कळलं तर लोक काय म्हणतील? आधीच म्हणतात."

"काय म्हणतात?"

तो चहाकडं बघत म्हणाला, "बैलांचा तळतळाट लागला म्हणतात."

"तळतळाट लागायचा तर मालकांना लागंल. मी तर सरकारी माणूस."

"आणि घट?" तो म्हणाला. "तसं करून आलात तर घटाला कसं बसणार? तुमच्या हातानं काय उगवणार मग?"

"मागल्या दसऱ्याला सुई घेतलेल्या हातानंच उगवला की."

"ते कोणाला माहीत नव्हतं."

चहा सोडून आलो. घरात माझं म्हणून जे काही उरलं होतं त्यात तो घट एवढाच होता. जमीन मुलाच्या नावावर, घर मुलाच्या नावावर, आणि ते योग्यच आहे. पण नवरात्रातले नऊ दिवस घरातली सगळी माझ्या हाताकडं बघायची.

पुढच्या खेपेला मुलाला परीक्षेचं काम लागलं. इंजेक्शनची तारीख गेली. मी आठवण केली नाही. "मला ने" असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही, आणि पोटच्या पोराला तर मुळीच म्हणणार नाही. तो विसरला होता असंही नाही. मधूनच म्हणायचा, बाबा, पुढच्या आठवड्यात जाऊ. चार आठवडे गेले आणि कंबर परत आली. कुशीवर वळताना भिंतीला हात लावावा लागायचा. ओसरीवर एकटा पडून मी हिशेब घातला, पैशाचा नाही, माणसांचा. मरेपर्यंत दर तीन महिन्यांनी मला कोणाच्या तरी मागं बसून जायचं आहे, आणि दर वेळी कोणाची तरी सवड बघायची आहे. मी बैल नव्हतो की गडी मला घेऊन येईल. त्याच दिवशी मी ठरवलं, लातूरला जाऊन ते ऑपरेशनच करून घ्यायचं.

आता गावात बैल राहिले नाहीत, त्यामुळे पत्री मारायचं कामही नाही. उस्ताद त्याच्या मुलाच्या पंक्चरच्या दुकानापुढं खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या प्रत्येक टायरमध्ये खोट काढतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाटील, लातूरला माझी दोरी, चिमटा दुसऱ्याचा, असंच ना?"

"असंच. सोबत ये म्हणतो फक्त."

"आमच्यात हे हराम हाय. मर्दानं स्वतःहून करून घेणं."

"तुला कोण करून घे म्हणतंय?"

"तुमच्यासंगं बसणार ना मी. विचारून सांगतो."

तो आपल्या मौलानांना विचारायला गेला आणि चार दिवस फिरकला नाही. मला वाटलं, हाही बाजाराला गेला. पाचव्या दिवशी सकाळीच दारात. "हौसेसाठी न्हाई म्हणाले. जिवासाठी असंल तर डॉक्टर म्हणंल ते ऐका म्हणाले." मग मान हलवून म्हणाला, "तुमच्या डॉक्टरपेक्षा आमचे मौलाना बरे, पाटील. त्यांनी डॉक्टरचं ऐका म्हटलं. तुमचा डॉक्टर फोटोचं ऐकतो."

मुलाला मी सांगितलं, उस्तादच्या नातेवाइकाकडं लातूरला जाऊन येतो. खोटं बोललो. एसटीत खिडकीजवळची जागा उस्तादनं मला दिली.

लातूरच्या दवाखान्यात बाहेर लांब बाक होता. आमच्या आधी एकजण तिथं बसली होती. उंच, अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मनगटं माझ्यापेक्षा रुंद. आवाज पुरुषाचा. आमच्या भागात अशांना लोक काय काय नावांनी हाका मारतात, ती मी लिहीत नाही. तिनं आपण होऊन विचारलं, "बाबा, कशासाठी आलाव?"

"आपरेशनला."

"कशाच्या?"

उस्तादनं वर पंख्याकडं बघितलं. ती हसली. "समजलं. मीबी त्याच्यासाठीच आले. पाचवी खेप हाय ही. पहिला डॉक्टर म्हणला, लग्न कर, सगळं ठीक होईल. दुसरा म्हणला, देवाची करणी हाय, माहूरला जाऊन ये. म्हटलं, साहेब, मी माहूरहूनच आले. आता हितल्या डॉक्टरबाई नीट बोलतात, पण मनाच्या डॉक्टरचा कागद आण म्हणतात, मग दुसरा कागद आण म्हणतात. माझं अंग, आन कागद जगाचे."

"आमाला तर शब्दबी सांगत नव्हते," मी बोलून गेलो.

"मग आपण दोघं सारखेच की, बाबा."

ते मला आवडलं नाही. मी बाकावर वीतभर सरकलो. उस्ताद पलीकडं होता, तोही सरकला. तिनं ते बघितलं आणि पदर सावरून समोरच्या भिंतीकडं बघायला लागली. जरा वेळानं तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा हातात आणखी एक चिठ्ठी होती. जाताना म्हणाली, "लवकर बरं व्हा, बाबा." मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. बहुतेक नाही.

आतल्या बाई वयानं साठीच्या, केस पांढरे. त्यांनी जुने कागद वाचले आणि मुलाबिलाकडं न बघता, म्हणजे मुलगा नव्हताच, मला सांगितलं, "दोन्ही अंडकोष काढायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. इंजेक्शनसारखाच गुण येईल. फरक एवढाच की इंजेक्शन थांबवता येतं, हे केलं की परत फिरता येत नाही. नीट विचार केलाय?"

"ह्याला खच्ची करणंच म्हणतात ना, बाई?"

"हो बाबा. खच्चीकरणच. माझ्याकडं दुसरा शब्द नाही."

मला इतकं हलकं वाटलं की कंबर विसरलो. दीड वर्षात तो शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारला नव्हता. मी सांगितलं, बत्तीस वर्षं हेच काम केलंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग तुम्हाला मी काय शिकवणार?"

पण सही घरच्या माणसाची लागते म्हणाल्या. मुलगा कुठं आहे?

"बाजाराला गेलाय," मी म्हणालो.

उस्ताद पुढं झाला. नर्सनं विचारलं, नातं काय लिहू? तो म्हणाला, भाऊ लिहा. तिनं माझं नाव वाचलं, त्याचं वाचलं, आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. "भाऊ?"

"लहान," उस्ताद म्हणाला. "रंगावरून कळत न्हाई का?"

तिनं लिहिलं.

कमरेखाली बधिर करून दुसऱ्या दिवशी काम झालं. पडद्यापलीकडं काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण माझ्या हातांना कळत होतं. आता डावं, आता उजवं. दुखलं नाही. मला बैल आठवले नाहीत, बैलांचे मालक आठवले. सगळे बाजारात उभे, पाठमोरे.

आणि पुढची चूक माझी. बैलाला चिमटा बसल्यावर त्या दिवशी बसू द्यायचं नसतं. हळूहळू चालवायचा, नाहीतर रक्त साकळतं. बत्तीस वर्षं मी मालकांच्या गड्यांना हेच दरडावून सांगितलं होतं. पायात जीव आला तसा मी उठलो आणि भिंत धरून वऱ्हांड्यात फेऱ्या मारायला लागलो. उस्ताद जेवायला बाहेर गेला होता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाटांवरची माणसं आपापल्या नातेवाइकांशी बोलत होती, कोणी मोसंबी सोलून देत होतं, कोणी पाय चेपत होतं. मी आपला चालत होतो. संध्याकाळपर्यंत सूज नारळाएवढी झाली.

नर्स ओरडली, "आजोबा, फिरायला कोणी सांगितलं?"

"अनुभव हाय माझा."

"कशाचा अनुभव?"

मी सांगितलं नाही. उस्तादनं सांगितलं आणि भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "पाटील, जन्मात एक बैल सुजला तुमच्या हातनं, तोबी तुम्हीच."

सूज उतरेना, सुट्टी मिळेना. दोन दिवसांत परत येतो म्हणून निघालेला माणूस आठ दिवस आला नाही, तेव्हा मुलानं उस्तादच्या मुलाला विचारलं आणि त्याला सगळं कळलं. तो लातूरला आला. वॉर्डच्या दारात उभा राहिला. खाटेवरच्या चादरीवर त्याची नजर एकदा पडली, मग ती खिडकीकडं गेली आणि पुन्हा इकडं आली नाही. "चला घरी," म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी आलो तर दारात बादली भरून ठेवलेली. सून म्हणाली, "दवाखान्यातून आलात म्हणून, मामंजी." खरं असेल. दवाखान्यातून आलेल्याला सगळेच पाणी देतात. पण ती बादली मी ओळखत होतो. आईनं ठेवली तेव्हा मी दुसऱ्याचं काम करून यायचो, आज माझं झालं होतं, एवढाच फरक.

कंबर मात्र थांबली. महिनाभरात मी कुशीवर वळायला लागलो, शेतात जायला लागलो. नवरात्र जवळ आलं तशी मी वावरातली चांगली काळी माती चाळून ठेवली. घटाच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, औंदा मी बसतो घटाला. तुम्हाला वाकणं-उठणं जमणार नाही."

"कंबर बरी हाय आता. आपरेशननंच बरी झाली."

"तरीबी."

तरीबी म्हणताना तो देव्हाऱ्याकडं बघत होता. मी भांडलो नाही. रागानं मी भांडलो असतो, पण तो राग अर्ध्या वाटेवरूनच परत गेला. चाळलेल्या मातीतली निम्मी घमेल्यात त्याच्यासाठी ठेवली. निम्मी पिशवीत भरली आणि आखाड्यावर राहायला गेलो. आखाडा म्हणजे आमचं शेतातलं घर, गोठा आणि एक खोली. गोठ्यात आता ट्रॅक्टरचं अवजार असतं. बैलांच्या दाव्याचे खुंटे मात्र तसेच आहेत.

खोलीच्या कोपऱ्यात मी पत्रावळ मांडली, माती पसरली, गहू पेरला, मडकं ठेवलं. माळेला कारळाची फुलं होती. दिवा लावला. आरतीला दुसरा आवाज नव्हता, तेव्हा म्हटली नाही, नुसते हात जोडले.

पहिले तीन दिवस मातीत काही नाही. हे असंच असतं, इतक्या वर्षांचं मला ठाऊक आहे. पण ह्या खेपेला मी दर तासाला जाऊन बघत होतो. नांदेडच्या डॉक्टरला, मुलाला, गावाला मी हसलो होतो, पण खोलीत एकटा असताना मीच घाबरलो. माती बोटानं उकरून दाणा बघावा असं वाटायचं, आणि उकरला तर मोडेल म्हणून हात मागं घ्यायचो. म्हटलं, माउली, मी तुझं काही काढून घेतलं नाही. माझं मी दिलंय. त्या बाकावरची बाई आठवायची. ती माहूरला काय मागत असेल? मी वीतभर सरकलो होतो ते आठवायचं. आता घर माझ्यापासून किती वीत सरकलं होतं ते मी मोजलं नाही.

चौथ्या दिवशी मातीला भेग पडली. पाचव्या दिवशी सुईच्या टोकाएवढं पांढरं वर आलं. मी खाली बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

सातव्या दिवशी उस्ताद चालत आला. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यावर थांबला, आत पाऊल टाकलं नाही.

"उगवलं?"

"ये की आत. बघ."

"दिसतंय हितून. दाट हाय." बाहेरच्या खाटेवर बसून त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, "मग आता घरी जाणार का?"

"दसऱ्याला जाईन."

"राहायला म्हणतो मी."

मी तांब्या विसळायला गेलो.

दसऱ्याला मी माझ्या घटातले तुरे टोपीत खोचले आणि सोनं द्यायला गावात गेलो. ओसरीवर मुलगा ताटात त्याच्या घटाचे तुरे घेऊन सगळ्यांना वाटत होता. खोटं कशाला लिहू, त्याचेही दाट उगवले होते. माती एकाच वावरातली. माझ्यापुढं आला, तुरा उचलला, आणि माझ्या टोपीकडं बघून थांबला.

"हे कुठले?"

"आखाड्यावरचे."

"कोणी पेरले?"

"मी."

त्यानं पहिल्यांदाच नीट माझ्याकडं बघितलं, लातूरपासून पहिल्यांदा. हातातला तुरा टोपीत खोचायला त्याचा हात वर आला. टोपीत जागा होती. मग मागं दोन-चार माणसं सोनं घेऊन उभी होती, त्यांच्याकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं तो तुरा माझ्या हातात दिला. पाया पडला, म्हणजे वाकला. मी सदऱ्याच्या खिशात तुरा ठेवला. सून म्हणाली, जेवून जा मामंजी. जेवलो. पुरणाची पोळी चांगली झाली होती.

परत आखाड्यावर जाताना उस्तादच्या दुकानावर थांबलो. त्याला एक तुरा दिला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि तो सायकल पंपाच्या मुठीत अडकवला. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईलाही एक द्यावा असं मनात होतं, पण तिचं नाव मी विचारलं नव्हतं आणि गावही नाही. एक तुरा तिच्यासाठी म्हणून वेगळा काढला होता. तो लातूरच्या दवाखान्याच्या फायलीत ठेवलाय, जिथं नातं म्हणून भाऊ लिहिलंय त्या कागदावर. फाईल आखाड्यावर आहे. मीही.